भोईर मास्तरांचं मधलं चित्र

भोईर मास्तरांनी माझे डोळे बिघडवून ठेवले ते कायमचे. समोरून बाई चालत आली की माझी नजर तिच्या तोंडाकडे जातच नाही, जाते पदराच्या टोकाकडे. बैल थांबला की बैल सोडून मी त्याच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीकडे बघत राहते, कारण ती अजून हलत असते. सून म्हणते, "आई, चला की, काय बघताय एवढं?" काय सांगू तिला? काही नाही गं म्हणते आणि चालू लागते.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आगेमागे मी मुरबाडच्या शाळेत लागले. माहेर शहापूरचं, यजमान मुरबाडच्या दवाखान्यात कंपाउंडर. मुलींचे दोन वर्ग मुलांच्या शाळेच्याच मागच्या पडवीत भरत, आणि आठवड्यातून दोनदा चित्रकलेला हरी भोईर मास्तर येत. बुटके, काळेसावळे, धोतर नेहमी एका पायात वर चढलेलं, कोटाच्या खिशात खडूची भुकटी. चाळिशीला टेकलेले, लग्न केलेलं नाही. धसईच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. घरी भाताची शेती, थोरला भाऊ लक्ष्मण आणि म्हातारी आई. घरातला शिकलेला पहिला माणूस हाच, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. हेडमास्तर त्यावरून टोचून बोलत, हे ढिम्म.

पहिल्याच आठवड्यात मला त्यांचं वेड दिसलं. प्रार्थनेनंतर हेडमास्तर सणसणीत शिंकले. भोईर मास्तर पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, परत एक डाव शिंकता का? मघाशी मी चष्म्याकडं नीट बघलं नाय." हेडमास्तरांचा चेहरा असा काही झाला की मला तोंडात पदर कोंबावा लागला. नंतर पडवीत मास्तर मला अगदी गंभीरपणे समजावायला लागले. "बाई, माणूस शिंकून मोकळा होतो, चष्मा मागनं शिंकतो. टोपी त्याच्याबी मागनं. सगळी एकदम हालली का ती बाहुली झाली, माणूस नाय."

ह्याला ते 'मागनं येणारं' म्हणत. वेणी, पदर, कानातल्या कुड्या, म्हाताऱ्या माणसाच्या गालाची कातडी, कोंबडीचा तुरा. जे आपण होऊन हलत नाही, पण हललेल्याच्या मागून येतं आणि तो थांबला तरी लगेच थांबत नाही, ते सगळं. त्यापायी ते रस्त्यात कुणालाही थांबवून परत चालायला लावत. धसईच्या बाजारात एका भाजीवाल्याला पाटी डोक्यावर घेऊन चार वेळा चालवलं, आणि पाचव्या वेळी त्यानं ह्यांना पाटीतला दुधी फेकून मारला. मास्तर खूश. दुधी हातातून सुटल्यावर मनगट कसं पुढे जातं, ते त्यांना आयतंच बघायला मिळालं होतं.

तरुणपणी दोन वर्षं ते मुंबईला एका सिनेमा कंपनीत पडदे रंगवायला होते. तिथे त्यांनी परदेशातली हलती चित्रं पाहिली. हातानं काढलेली, पण पळणारी, पडणारी, रडणारी. झालं! कुठूनसा त्या फिल्मचा वीतभर तुटका तुकडा मिळवला आणि तो उन्हात धरून दिवस दिवस बघत बसले. "एका सेकंदाला चोवीस चित्रं, बाई! आन त्यातलं एकेकटं बघाल तर घाबराल. मान हातभर लांब, डोळा कपाळाच्या वर. पन पळवून बघा, अगदी खरं!" पुढे कंपनी बुडाली, वडीलही गेले, आणि मास्तर तो तुकडा कोटाच्या खिशात घालून गावी परत आले.

मी पहिल्यापासून भांडखोर. मी म्हणायची, चित्र हुबेहूब हवं, हे वाकडंतिकडं कसलं? एकदा त्यांनी मला लिंबाची वीस चित्रं दाखवली. वरून पडणारं लिंबू; जमिनीला टेकतं त्या चित्रात ते भाकरीसारखं चपटं. मी म्हटलं, "मास्तर, लिंबू असं चपटं होत नाही. मी रोज पाडते स्वयंपाकघरात."

"नाय होत," ते म्हणाले. "पन खरं काढलं का मेलेलं दिसतं. तुमी बघा तरी." त्यांनी चित्रांच्या गठ्ठ्याची कड अंगठ्यानं फर्रकन सोडली आणि माझ्या डोळ्यांसमोर लिंबू पडलं, आपटलं, उसळलं. मी हात पुढे केला हो झेलायला! मग मात्र माझं भांडण संपलं.

त्यांचं कामाचं टेबल म्हणजे मुलखावेगळं प्रकरण. जुन्या तसबिरीची काच आंब्याच्या फळीत बसवलेली, खाली आरसा तिरपा ठेवलेला. आरशावर ऊन पडलं की काच उजळे आणि वरच्या कागदातून खालचं चित्र दिसे. कागद हलू नयेत म्हणून फळीत बाभळीचे दोन काटे उभे ठोकलेले, कागदाला भोकं पाडून त्यात अडकवायचे. आधी हालचालीतली मुख्य मुख्य चित्रं काढायची, मग त्यांच्यामधली एकेक भरायची. लढाईत कागद मिळेना, तर मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठी वापरल्या. पुढून अकबराची राज्यव्यवस्था, मागून कोंबडी.

कोंबडी म्हणजे त्यांचा सिनेमा. एक म्हातारी आणि तिची हातातून निसटणारी कोंबडी, एवढीच गोष्ट. म्हातारी त्यांची आई, आये. मी तिला बाजारात भेटले होते. वाळकी, ताठ, तोंडानं तोफखाना. कोंबडी पकडायला ती अशी काही धावे म्हणे, की शेजारीपाजारी हातातलं काम टाकून बघायला येत. मास्तरांनी तीन वर्षं खपून अकराशेच्या वर चित्रं काढली होती. कंपनीतला एक जुना छायाचित्रवाला मुंबईत होता; त्यानं कबूल केलं होतं की पुरी करून आण, उरल्यासुरल्या फिल्मवर उतरवून देतो. सुट्टीत मास्तर गठ्ठे घरी नेत आणि म्हातारी स्वतः अंगठ्यानं ते फर्रफर्र सोडून बघे. स्वतःला धावताना बघून हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येई. "मेल्या, माझं लुगडं कवढं उडवलंस! लाज हाय का?" म्हणे आणि परत पहिल्यापासून सोडायला घेई.

एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्यातलं सगळ्यात जिवंत चित्र कुठलं?" मी चाळून चाळून एक उपसलं. कोंबडी दोन पायांमधून निसटते आणि म्हातारी गर्रकन मागे वळते, त्या वळण्यातलं एक मधलं चित्र. तोंड ओढलं जाऊन डाव्या कानापर्यंत गेलेलं, उजवा गाल खाली ओघळलेला, एक डोळा बारीक, एक भला मोठा. पळतं केलं की ते डोळ्याला दिसतही नव्हतं, फक्त वळणं भारी वाटे. नुसतं बघितलं तर भयंकर. मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याची दुसरी प्रत काढली आणि घरी आयेच्या बाजेसमोर कुडाच्या भिंतीला काट्यानं टोचून ठेवली. ते चित्र मी निवडलं होतं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

पौषात, भाताची झोडणी आटपल्यावर, आये अंगणात पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली, आणि तोंड ओढलं जाऊन डावीकडे गेलं. यजमान औषध घेऊन निघाले तेव्हा मीही बैलगाडीत बसून गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, लकवा आहे, तेल चोळा आणि वाट बघा. आम्ही घरात शिरलो तर लक्ष्मण उभा. त्यानं कुडावरचं चित्र काढलं, आईच्या तोंडाशेजारी धरलं आणि मला म्हणाला, "बघा बाई. तुमी मास्तरीण हाव ना? बघा आन सांगा."

मी बघितलं. तेच तोंड. तोच ओघळलेला गाल, तोच बारीक झालेला डोळा. पोरींना भूत नाही, करणी नाही म्हणून शिकवणारी मी, देवाशपथ सांगते, एक पाऊल मागे सरले. मास्तर कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते.

गावात व्हायचं तेच झालं. भगत आला, त्यानं तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, म्हातारीचं रूप कागदात अडकलंय. सगळे कागद जाळा, राख कपाळाला लावा, तोंड सरळ होईल. बायका मास्तरांना बघून तोंडावर पदर ओढायला लागल्या, लहान पोरांना उचलून आत न्यायला लागल्या. का, तर हा चित्र काढील! ज्या माणसानं जन्मभर लोकांचं चालणं बघितलं, त्याच्यासमोर कुणी चालेना.

मास्तरांनी कागद जाळायला साफ नकार दिला. शाळेतून रजा काढली आणि घरी बसले. आठ-दहा दिवसांनी मी गेले तर बाजेजवळ काच मांडलेली, दारातल्या उन्हाला आरसा लावलेला, आणि हे चित्रं काढताहेत. मला बरं वाटलं, म्हटलं काम तरी सुरू आहे. जवळ जाऊन बघते तर नुसता आईचा चेहरा. पहिल्या चित्रात तोंड पार वाकडं, दुसऱ्यात केसभर कमी, तिसऱ्यात आणखी केसभर. रोज पाच काढायची, आणि काढलं की ते तिच्यासमोर धरून तिच्या ओठांकडे बघत बसायचं.

"हे काय मांडलंय, मास्तर?"

"काढल्यानं वाकडं झालं ना? मंग काढल्यानंच सरळ होईल. हळूहळू नेतो, बाई. एकदम नेलं तर तिला झेपायचं नाय."

मी रागावले. म्हटलं, तुम्ही मुंबई बघितलेला माणूस, रक्ताची गाठ मेंदूत होते आणि लकवा होतो, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ना? ते शांतपणे म्हणाले, "सांगितलंय. मला म्हाईत हाय. पन बाई, तीन वर्सं मी ह्या तोंडाला कसंबी ओढलंय, ताणलंय, चपटं केलंय. तेवा ते माझं ऐकत व्हतं. आता कायला नाय ऐकणार?" हे बोलताना त्यांचा हात थांबला नव्हता. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

नव्वदाव्या चित्रात तोंड सरळ झालं. पंच्याण्णवाव्यात आये हसली, कागदावर. बाजेवर होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले, दाढी वाढलेली, आणि कपाटाची किल्ली मागायला लागले. चित्रांचे गठ्ठे माझ्या वर्गातल्या कपाटात असत, किल्ली माझ्या कमरेला. मी म्हटलं, देणार नाही. काय करायचंय मला ठाऊक आहे, देणार नाही. मी काय काय बोलले! तीन वर्षं फुकट घालवणार का, मुंबईचा माणूस वाट बघतोय, तुम्ही सगळ्या गावाच्या अडाणीपणावर शिक्का मारणार का. ते उभेच. मग म्हणाले, "तुमची आई आसती तर?"

माझी आई तेव्हा शहापूरला होती, धडधाकट. मी किल्ली दिली. आजही वाटतं, विहिरीत टाकायला हवी होती. मग वाटतं, टाकली असती तर म्हातारी गेल्यावर हा माणूस जन्मभर म्हणाला असता, बाईंनी किल्ली दिली असती तर आये वाचली असती. म्हणजे कुठूनही सुटका नव्हती.

खळ्यावर लक्ष्मणनं काडी लावली. अकराशे कागद जळायला किती वेळ लागतो? चहा उकळतो तेवढाच. राख म्हातारीच्या कपाळाला लावली, जिभेवर ठेवली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. तोंड तसूभर हललं नाही. भगत म्हणाला, एखादा कागद राहिला असेल कुठे. मास्तरांनी घर उलथंपालथं करून तोही शोधला, आणि सापडला नाही म्हणून डोकं धरून बसले.

फाल्गुनात आम्ही परत गेलो. आये नुसती हाडं उरली होती. पण डोळे जागे. मला बघितल्यावर तिनं डावा हात उचलून कुडाकडे केला, पूर्वी चित्र लावलेलं होतं तिथे. मग तो हात छातीवर आणून अंगठा बोटांच्या कडेवरून फिरवायला लागली. परत परत.

"तंबाखू मागते," लक्ष्मण म्हणाला. "म्हयनाभर हेच चाललंय. मळून दिली का ढकलते. हट्टी हाय पहिल्यापासनं."

मी तो अंगठा बघत राहिले. तंबाखू तळहातावर मळतात, हो! हा अंगठा बोटांच्या कडेवरून सुटत होता. "मास्तर," मी म्हटलं, "तंबाखू नाही हो. ती गठ्ठा मागतेय. कोंबडी बघायचीय तिला."

भगताला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, गावाला विचारलं, एकमेकांना विचारलं. त्या चित्रांचं काय करायचं हे तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिला वाचा नव्हती एवढंच. समजत सगळं होतं.

मास्तर बाजेजवळ गुडघ्यावर बसले. "आये," म्हणाले, "जाळली गो. सगळी जाळली. तुझ्याचसाठी जाळली."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि त्यांच्या थोबाडीत दिली. जोर कुठला असणार? हात नुसता गालावर पडला आणि खाली आला. आणि खाली आल्यावर अंगठा परत तसाच फिरायला लागला.

मास्तर उठले. काच काढली, काटे ठोकले, आरसा उन्हाला लावला. कागद नव्हता, मी पिशवीतून शाळेची हजेरीची कोरी वही काढून पानं फाडून दिली. कुठून सुरू करताय विचारलं, तर म्हणाले, "सुरवातीपासनं वेळ नाय, बाई. शेवटचं काढतो. कोंबडी धरली, काखंत मारली आन हुबी ऱ्हायली. तेवढं तरी तिला बघू दे." लक्ष्मण आरसा धरून उन्हाबरोबर सरकत होता.

अकराव्या दिवशी सकाळी मुरबाडला निरोप आला. आम्ही पोचलो तोवर चांगलंच ऊन झालं होतं. म्हातारी पहाटे गेली होती. अंगणात तिरडी बांधून तयार, लक्ष्मणच्या हातात विस्तवाचं मडकं, सगळं गाव खोळंबलेलं. मास्तर त्यानंतर नोकरीवर आले नाहीत, पुढे कुठे गेले तेही नीट कळलं नाही. माझ्यापाशी ते उरलेत ते त्या सकाळचेच. दारात उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि काढत होते.

लोक कुजबुजत होते, कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, आता पुरे झाले हे चाळे. मी जवळ जाऊन वाकले. पन्नासेक चित्रं झाली होती. म्हातारी कोंबडी काखेत मारून ऐटीत उभी; पाय थांबलेले, मान थांबलेली, कोंबडीही गप्प. लुगड्याचा पदर तेवढा अजून हवेत होता, डोक्याच्याही वर.

"मास्तर," मी म्हटलं, "उठा आता. न्यायचंय त्यांना."

त्यांनी वर बघितलं नाही. एक पान काट्यातून काढलं, दुसरं अडकवलं. "आये थांबली, बाई," ते म्हणाले. "पन पदर अजून वर हाय. आठ-दहा कागदांत खाली येल. तेवढा खाली येऊ द्या, मंग न्या."

मी लक्ष्मणकडे बघितलं. त्यानं हातातलं मडकं खाली ठेवलं, पुढे होऊन आरसा उचलला आणि उन्हाला लावून धरला.